कृपा आधी, हिशेब नंतर



पाप, क्षमा आणि तारण हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा मी होकार दिला खरा, पण दोन हजार वर्षांचे ख्रिस्ती धर्मशास्त्र एका संध्याकाळी उलगडण्याचा माझा इरादा नाही. मी एकच प्रश्न घेणार आहे. माणूस पश्चात्ताप करतो म्हणून देव त्याला क्षमा करतो, की देवाने आधीच क्षमा केलेली असते म्हणून माणसाला पश्चात्ताप करण्याचे बळ येते? क्रम उलटा केला की धर्माचा सगळा चेहराच बदलतो. हा प्रश्न ग्रंथांमधून समजून घेता येईल, पण आपल्या मातीतली एक बाई आयुष्यभर तो घेऊन झगडली. तिच्याच मार्गाने जाऊ.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, लग्नानंतर दोनेक वर्षांतच पती बिपिनबिहारी मेधावी गेलेले, कडेवर लहानगी मनोरमा. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिलेल्या, पुण्यात आर्य महिला समाज काढलेला, हंटर आयोगापुढे साक्ष दिलेली. वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. धर्म बदलण्यासाठी त्या गेल्याच नव्हत्या. त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते. बहिरेपणामुळे ते जमले नाही.

या भगिनींची एक शाखा लंडनच्या फुलहॅम भागात होती. समाजाने ‘पतिता’ म्हणून बाजूला टाकलेल्या बायका तिथे राहत. रमाबाईंना ते घर दाखवायला नेले गेले. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा अनुभव सांगितला आहे. तिथे काम करणाऱ्या भगिनी त्या बायकांकडे तुच्छतेने पाहत नव्हत्या, उलट त्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी शास्त्रे वाचलेली होती. अशा बाईला घराबाहेर काढावे, तिचे तोंड पाहू नये, हेच त्यांनी घरोघर पाहिले होते. इथे हे उलटे कसे, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे होऊन गेलेली बाई, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. रमाबाईंच्या मनावर या गोष्टीने जे घडवले, ते त्रैक्यावरच्या कुठल्याही प्रबंधाने घडवले नव्हते. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंना या धर्मात दिसले काय? ख्रिस्ती लोक दयाळू असतात, एवढेच? तेवढ्याने रमाबाईंसारखी बाई हलली नसती. दया तर मेजवानीनंतर उरलेले अन्न वाटणाऱ्यालाही येते. मला वाटते, त्यांनी पाहिले ते असे की त्या घरात पतितांची वेगळी यादी नव्हती. आणि ती नसण्याचे कारण ख्रिस्ती धर्माच्या सर्वांत अप्रिय सिद्धान्तात होते, म्हणजे सगळेच पापी आहेत या सिद्धान्तात.

पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात यहुदी आणि परराष्ट्रीय, नियमशास्त्र पाळणारे आणि न पाळणारे, अशा सगळ्यांना एकाच रांगेत उभे करतो. पापी नाही असा कोणी नाही. हे वाक्य आपल्याला कडवट लागते, कारण त्यात आपण सगळ्यांत आधी स्वतःवरचा आरोप ऐकतो. पण ज्या बाईला गावाने आधीच पापी ठरवले आहे, तिने हे वाक्य कसे ऐकावे? तिच्या दृष्टीने त्यात नवी गोष्ट एकच: गावही पापी आहे. ज्याने तिला बाहेर काढले तो सासरा, ज्याने निवाडा दिला तो पंच, आणि प्रवचन करणारा मिशनरीही. ज्या समाजात सोवळ्या-ओवळ्याच्या पायऱ्या घराच्या उंबऱ्यापासून पाणवठ्यापर्यंत लावलेल्या होत्या, तिथे हा सिद्धान्त सगळ्यांना सपाट जमिनीवर उभे करतो.

या सिद्धान्ताला टोक आणले ते ऑगस्टिनने. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा हा बिशप इ.स. 354 ते 430 या काळातला. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात तो सोळाव्या वर्षी केलेली पेअर फळांची चोरी पानेच्या पाने उकरत बसतो. भूक नव्हती, फळे चांगलीही नव्हती, डुकरांना टाकून दिली. मग चोरी का केली? चोरी करायची म्हणून. वाचताना आधी हसू येते, मग येत नाही. माणसाचे संकल्प मुळातच वाकडे झाले आहेत, आदामापासून ते तसेच चालत आले आहेत, असे ऑगस्टिन म्हणतो. त्याच्या काळात पेलागिअस नावाचा एक ब्रिटिश साधक होता. त्याचे म्हणणे सरळ होते: देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची ताकद माणसात असलीच पाहिजे. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागिअसचे मत नाकारले. आजच्या कुठल्याही सुशिक्षित माणसाला पेलागिअस जवळचा वाटेल. मलाही तो वाटत असे. पण दारूच्या विळख्यात सापडलेल्या माणसाला ‘ठरव आणि सोड’ म्हणणारा पेलागिअस किती क्रूर ठरू शकतो, हे आपल्यातल्या अनेकांनी घरात पाहिले असेल. ऑगस्टिन निदान एवढे मान्य करतो की ठरवणारे मनच आजारी आहे.

अर्थात बाप्तिस्मा न झालेली तान्ही बाळेही दंडास पात्र असे ऑगस्टिन म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे जाणे मला शक्य नाही. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चनेही त्याला तिथपर्यंत साथ दिली नाही. त्यांच्या परंपरेत आदामाकडून मरण आणि दुबळेपण वारशाने येते, त्याचा दोष येत नाही. पाप हा रोग, तारण ही त्यावरची चिकित्सा. ही भाषा मला अधिक माणसाळलेली वाटते.

पुन्हा रमाबाईंकडे येऊ. बाप्तिस्म्याने त्यांचे समाधान झाले, असे समजू नका. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला आणि त्यात बरीच खडाजंगी आहे. धर्ममंडळाचा अधिकार मुकाट्याने का मानावा? मांस का खावे? क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत? (हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. एका ब्राह्मण विदुषीने अँग्लिकन मठातल्या भगिनीला तो विचारावा, यात तिचा सगळा स्वभाव आला.) नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या पत्रांनी त्यांच्या काही बौद्धिक शंका फिटल्या. पण काहीतरी बाकी होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही.

या वळणावर त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मवृत्त आले. हा हॅस्लम कॉर्नवॉलमधला. 1851 मध्ये एका रविवारी तो व्यासपीठावरून उपदेश करत होता आणि बोलता बोलता त्याचे स्वतःचेच परिवर्तन झाले, अशी त्याची ख्याती. रमाबाईंना त्यातून जे उमगले ते त्या साक्षीत स्पष्ट सांगतात. आपण आधी लायक होऊ, पुरेसा पश्चात्ताप करू, पुरेसे चांगले होऊ आणि मग देवाकडे जाऊ, असे त्या नकळत मानत होत्या. व्रते, तीर्थयात्रा, पुराणकथनाचे पुण्य यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांनी नव्या धर्मातही तेच वहीखाते उघडले होते. नाव नवे, खाते जुने. ते मिटले तेव्हा त्यांना मोकळे वाटले. तारण ही मजुरी नसून देणगी आहे, हे त्यांना माहीत होते. आता ते त्यांच्या अंगी लागले.

लूथरचा प्रवास याच वाटेचा. 1517 मध्ये त्याने मांडलेले 95 मुद्दे सगळ्यांना ठाऊक आहेत, रोममधले सेंट पीटर्स बांधण्यासाठी पापदंडमुक्तीची पत्रे कशी विकली जात हेही ठाऊक आहे. त्यावर आज वेळ घालवत नाही. पुढे ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये कॅथलिक बाजू मांडली, आणि कृपा आधी येते हे त्या परिषदेनेही नाकारले नव्हते. भांडण पुढच्या पायरीवर होते: कृपा आल्यावर माणसाच्या कर्माला किती मोल? 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि या मुद्द्यावरची मूळ भूमिका सामायिक असल्याचे मान्य केले. साडेचारशे वर्षांच्या भांडणाचा असा कागदी शेवट. त्याची बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली असेल कुणास ठाऊक.

आता जरा कर्जाच्या भाषेकडे वळू, कारण येशू स्वतः पापाबद्दल बोलताना अनेकदा कर्जाबद्दल बोलतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तरात येशू एक दाखला सांगतो. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज होते. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, सुमारे एक लाख चौसष्ट हजार वर्षांची. चाकर गयावया करून म्हणतो, मुदत द्या, सगळे फेडतो. ऐकणाऱ्या कोळ्या-शेतकऱ्यांना हसू फुटले असणार. राजा मुदत देत नाही. कर्जच सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडून, आपले शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. हे कळल्यावर राजा माफी मागे घेतो.

रमाबाईंनी पुढे जिथे मुक्ती सदन उभारले ते केडगाव आणि 1875 च्या दख्खनच्या दंग्यांची सुरुवात जिथे झाली ते सुपे, ही गावे एकमेकांपासून लांब नाहीत. केडगाव-चौफुल्याहून मोरगावकडे निघाले की वाटेत सुपे लागते. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या, आणि पुढे गावोगाव कागदांचीच होळी झाली. या टापूत दहा हजार तालांतांचा दाखला सांगायचा तर तो परलोकाची गोष्ट म्हणून सांगता येत नाही. श्रोता विचारणारच: सावकाराने माझे रोखे सोडले का? आणि दाखलाही नेमके तेच विचारतो. वरची माफी खाली झिरपली नाही तर ती टिकत नाही. कृपा आधी येते हे खरे, पण ती तुमच्यापाशी अडून राहिली तर ती कृपाच राहत नाही.

हे रमाबाईंना नीट कळले होते, याचा पुरावा त्यांच्या लिखाणापेक्षा त्यांच्या इमारतींत आहे. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुण्यात गेले. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. मग शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून, मिळतील तिथून मुली आणि बायका आणल्या आणि केडगावचे मुक्ती सदन भरून गेले. तिथेच त्यांनी ‘कृपा सदन’ काढले, ज्यांना कोणीच दार उघडणार नाही अशा बायकांसाठी. फुलहॅममध्ये पाहिलेले घर दौंड तालुक्याच्या माळरानावर उभे राहिले.

नारायण वामन टिळकांचा मार्ग वेगळा होता, त्याची इथे नोंद करतो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले हे कवी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांना पापाच्या ओझ्याखाली चिरडल्याचा अनुभव फारसा नव्हता. त्यांचा सूर भक्तीचा. स्वतःला पतित म्हणवून देवाच्या दारात बसण्याची रीत वारकऱ्यांनी केव्हाच पाडून ठेवली होती. तेव्हा कृपेची कल्पना फक्त ख्रिस्ती मिशनऱ्यांनीच इथे आणली, असे कोणी म्हणू नये.

आता मला ज्या ठिकाणी अस्वस्थ वाटते तिथे येतो. जून 1905 च्या अखेरीस केडगावात एक धार्मिक जागृती उसळली. रमाबाई संध्याकाळी योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या शांतपणे बोलत असताना मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. नंतर कितीतरी दिवस रडणे, छाती पिटणे आणि पापांची कबुली चालू होती. त्याचा बोभाटा जगभर झाला. पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात मुक्ती मिशनला मानाचे पान आहे.

पण कबुली देत होत्या कोण? दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुली. बालविधवा. वाटेत कोणाकोणाच्या तावडीत सापडलेल्या पोरी. त्यांतली एखादी ‘मी पापी आहे’ म्हणून आक्रोश करत असेल, तर तिच्यावर ज्याने पाप केले तो कुठे होता? त्याच्या कबुलीची वही कुठे? सगळेच पापी आहेत, या वाक्याने गाव आणि बाई एका जमिनीवर आली, असे मी मघाशी म्हटले. तेच वाक्य जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा यांनाही एका जमिनीवर आणते, आणि तिथे ते अन्यायाचे होते. मला रमाबाईंना दोष द्यायचा नाही; त्या मुलींना अन्न, शिक्षण, छापखान्याचे आणि शेतीचे काम, सगळे त्यांनीच दिले, आणि त्या जागृतीनंतर मुली टोळ्या करून गावोगाव उपदेशाला जाऊ लागल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण ख्रिस्ती धर्मशास्त्राने पापी माणसाचा जेवढा विचार केला, तेवढा ज्याच्यावर पाप घडले त्याचा केला नाही, हे मला सांगितलेच पाहिजे.

याची किंमत चर्चने अलीकडच्या काळात मोजली आहे. 2002 मध्ये बोस्टनमधल्या वृत्तपत्राने धर्मगुरूंनी केलेले मुलांचे लैंगिक शोषण आणि ते झाकणाऱ्या वरिष्ठांची कृत्ये उघड केली. आयर्लंडमधूनही तशीच प्रकरणे बाहेर आली, आणि 2010 मध्ये पोप बेनेडिक्ट यांना तिथल्या कॅथलिकांना पत्र लिहावे लागले. अपराधी धर्मगुरूला पश्चात्तापाची संधी द्यायची, उपचाराला पाठवायचे आणि मग दुसऱ्या धर्मग्रामात नेमायचे, असे वर्षानुवर्षे चालले होते. क्षमेची सारी भाषा अपराध्याच्या सोयीला राबली. मूल त्या भाषेत कुठेच नव्हते. जर्मन धर्मशास्त्रज्ञ बॉनहोफर याने 1937 मध्ये स्वस्त कृपेविरुद्ध इशारा दिला होता, तो हिटलरच्या जर्मनीतल्या चर्चपुढे. चर्चच्या कार्यालयांतही ती इतकी स्वस्त मिळेल, हे त्याच्याही डोळ्यांपुढे नसेल.

मग क्षमेचा क्रम उलटा करायचा का? आधी भरपाई, मग माफी? मला तसे वाटत नाही. ज्या कथेने रमाबाई हलल्या ती कथा मी पुन्हा वाचली. योहानाच्या चौथ्या अध्यायात त्या बाईशी बोलताना येशू ‘पाप’ हा शब्द एकदाही उच्चारत नाही. क्षमाही करत नाही. तिचे पाच नवरे झाले आणि आता जो आहे तो तिचा नवरा नाही, एवढेच तो सांगतो. त्या काळी काडीमोड देण्याचा अधिकार पुरुषाकडे होता. पाच जणांनी तिला टाकले, की काही जण मेले, कथा सांगत नाही. तिला पापिणी ठरवली ती प्रवचनकारांनी. आणि त्या पाच नवऱ्यांना माफ कर, असे येशू तिला सांगत नाही. तो तिच्याशी उपासना कुठे करावी याची चर्चा करतो, तीही त्याच्या शिष्यांना आश्चर्य वाटावे इतक्या मोकळेपणाने.

जुलूम करणाऱ्याची कथा वेगळी आहे, ती लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात. जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांकडून ओरबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरणार असे जाहीर करतो. अजून जक्कयाने एक शब्दही पश्चात्तापाचा काढलेला नाही. गाव कुरकुरते. कृपा इथेही आधी आली. पण ती आल्यावर जक्कय उभा राहून जे बोलतो त्यात रडणे नाही, छाती पिटणे नाही, आकडे आहेत. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत. आज या घराला तारण मिळाले, हे येशू त्यानंतर म्हणतो. ज्यांचे पैसे बुडाले होते त्या यरीहोकरांनी जक्कयाला क्षमा केली की नाही, हे लूक लिहीत नाही. त्यांनी ती करावी, असा आग्रह येशूनेही तिथे धरलेला नाही.